गाडाभर पुरण

महामारीत सगळं कमी करता येतं. लग्नातली माणसं पन्नासवर आली, मयतीतली वीसवर, सार्वजनिक गणपती चार फुटांवर, घरचा दोन फुटांवर. कमी होत नाही ते एकच, आमच्या घरच्या महालक्ष्म्यांचं पुरण. ते पायलीचं. पणजोबांपासून पायलीचं. तेव्हा रात्री दहापर्यंत पंगती उठत. त्या वर्षी, म्हणजे २६ ऑगस्ट २०२०च्या बुधवारी, केळझरच्या आमच्या घरात माणसं होती सहा.

‘सहा जणांना पायलीचं पुरण कशाला?’ असं मी भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर भीत भीत विचारलं. एरवी या गटावर फुलांच्या फोटोंपलीकडे काही हलत नाही. पाच मिनिटांत पुणे, नागपूर आणि न्यू जर्सी अशी धर्मसभा भरली. न्यू जर्सीच्या काकांनी निकाल दिला, “एक वेळ आम्ही नसू, पण पुरण कमी नको.” पाठोपाठ फोनवर पाचशे एक रुपये येऊन पडले. आता पुढची तीन वर्षं ते ‘आपल्या महालक्ष्म्या’ म्हणायला मोकळे.

नागपूरच्या पुतण्याला खरं तर येता आलं असतं. पन्नासेक किलोमीटर रस्ता. पण मध्ये जिल्ह्याची हद्द. तेव्हा स्वतःच्या गाडीत एकट्याने यायचं तर ई-पास लागे. अनोळखी लोकांसोबत बसमधून यायचं तर पास लागत नसे. विषाणूपाशी तिकिटाचे पैसे नसतात, असं सरकार धरून चाललं असावं. पुतण्या दोन्हींतून आला नाही. “काका, व्हिडिओवर येऊन राहिलो ना जी,” म्हणाला.

आले. सगळे आले. सोळा भाज्या, आंबील, कढी, वर टांगलेला फुलोरा, सगळं नीट दिसतं का ते पाहून झालं. मग पुण्याच्या वहिनींना सुचलं की आपलीही पानं मांडा, म्हणजे पंगतीत बसल्यासारखं वाटेल. झालं! अकरा जादा पानं मांडली. प्रत्येक पानाशी फोन नेऊन उभा करायचा, त्या पानाच्या मालकाने हात जोडायचे, “तूप थोडं अजून” म्हणायचं, आणि फोन पुढच्या पानाकडे. न्यू जर्सीला तेव्हा सकाळ होती; काका पुरणपोळीकडे बघत दुधातले मक्याचे पोहे खात होते. आग्रह मात्र सोडला नाही. “त्या पानात अजून एक वाढ, बरं दिसत नाही.”

आणि वाढलेलं पान परत भांड्यात जात नाही. हाही कुळाचारच.

आमचं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं इथे पोरगंसुद्धा सांगतं. बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि ते पोचवणारा माणूस पाळीपाळीने पाठवावा लागे, ते इथलंच. पांडवही इथे परक्या घरी लपून राहिले होते. आई धरून सहा माणसं, बरोबर आमच्याइतकी. फरक एवढाच की त्यांच्यात एक भीम होता. मिळालेल्या भिक्षेतली अर्धी तो एकटा संपवी. आमच्यात भावाला साखर, आईला दात नाहीत, मला पित्त, आणि पोरगा पुरण काढून नुसती पोळी खातो. शिवाय त्या बकासुराचा प्रामाणिकपणा बघा. तो मागवायचा आणि खायचा. आमचे अकरा बकासुर मागवतात, तुपाची धार वाढवून घेतात, पडद्यावरून नमस्कार करतात आणि बॅटरी उतरली म्हणून निघून जातात. गाडा तिथेच उभा! रेडे आम्ही आणि गाड्यासोबत पाठवायचा माणूसही आम्हीच.

माणूस म्हणजे कोण, तेही सांगतो. दरवर्षी पोळ्या लाटायला गावातल्या चार बाया येतात. त्या वर्षी त्यांना बोलवायचं नाही, संसर्ग! मग पायलीची डाळ शिजवली, वाटली, लाटली कुणी? माझ्या बायकोने आणि वहिनीने, पहाटे चारपासून, सोवळ्यात, पाण्याच्या घोटाशिवाय. गटावरच्या एकानेही त्यांची कंबर विचारली नाही. पोळीचा काठ जाड झाला, हे मात्र तिघांना सात समुद्रापलीकडून दिसलं. तुमचा कुळाचार एवढा जड असेल तर पुढल्या वर्षी डाळ तिकडेच भिजवा, पाटा आम्ही कुरिअरने पाठवतो. हे मी गटावर लिहिलं होतं. बायकोने पुसायला लावलं. (पुसलेलं तिघांनी वाचलं होतं.)

उरलेल्या पोळ्यांचं मी ऐकवत नाही असं ठरवलं होतं, पण ऐका. शेजारी चार डबे पाठवले. शेजाऱ्यांच्याही घरी त्यांच्या पणजोबांचं माप. त्यांनी पुढे पाठवले. गायीनेही तिसऱ्या पोळीला मान फिरवली. आमच्या पोळपाटाला एक चीर आहे, त्यामुळे आमच्या प्रत्येक पोळीवर एक बारीक रेघ उमटते. गुरुवारी महालक्ष्म्यांची बोळवण झाली आणि संध्याकाळी मागच्या गल्लीतून, जिथे आम्ही काहीच दिलं नव्हतं, एक डबा आला. उघडला. चार पोळ्या, चारींवर रेघ.

बायकोने झाकण लावलं. म्हणाली, “तीन घरं हिंडून आल्यात. चौदा दिवस वेगळ्या ठेवा.”