स्वायत्त, पण कोणापासून?
रत्नागिरीत हापूस घेताना गिऱ्हाईक आंबा हुंगतं, पेटीवरच्या शिक्क्यावर विसंबत नाही. इथल्या महाविद्यालयांच्या दर्जाचा शिक्का मात्र बंगळुरूच्या नॅककडून, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व मानांकन परिषदेकडून, श्रेणीच्या रूपात येतो. १९९४ साली यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) स्थापलेली ही संस्था ‘स्वायत्त’ आहे. म्हणजे कशी? तर सर्वसाधारण परिषदेचे अध्यक्ष यूजीसीचे अध्यक्ष, कार्यकारी समितीचा अध्यक्ष नेमणारेही तेच, आणि पैसाही यूजीसीचाच! २०२३ मध्ये डॉ. भूषण पटवर्धनांनी कारभारावर बोट ठेवून कार्यकारी समितीचं अध्यक्षपद सोडलं. २०२५ मध्ये श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीतल्या प्राध्यापकांनाच अटक केली. नॅकच्या कारभारावर उपाय काय ठरला, तर श्रेणीच काढून नुसतं ‘मानांकित’ की ‘नाही’ एवढं सांगायचं! खुर्च्या वेगळ्या करण्याआधी श्रेण्या उडवणं कोकणी माणसाला काही पटायचं नाही.