आपलाच प्रदेश पहिला!
डिस्क गोल्फच्या कोर्सांची गणती : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका डिस्क गोल्फ खेळू इच्छिणाऱ्यांसाठी नाही. खेळायला खांदा लागतो, नेम लागतो आणि काटेरी झुडपात शिरून हरवलेली डिस्क शोधण्याची चिकाटी लागते. आपलं काम त्याहून सोपं आहे. जगात डिस्क गोल्फचे कोर्स कुठे किती आहेत ते पाहायचं आणि आपल्याला हवा तो प्रदेश त्यांत पहिला आणून दाखवायचा. त्यासाठी घराबाहेर पडण्याची गरज नाही.

साहित्य : जगाचा नकाशा, कॅल्क्युलेटर आणि अभिमान बाळगण्याजोगा एक प्रदेश. प्रदेश स्वतःचा असलाच पाहिजे असं नाही. मुलगी मिनेसोटात नोकरीला असेल तर मिनेसोटा बेलाशक आपला म्हणावा.

पायरी 1 : खेळ ओळखा

ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत लोखंडी खांबावरच्या टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. त्या डिस्कचा वेग खातात आणि तिला खाली टोपलीत पाडतात. अशा 9 किंवा 18 टोपल्या ओळीने लावल्या की झाला कोर्स. उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला गेलेले आईबाबा रोज संध्याकाळी अशा टोपलीवरून फिरायला जातात आणि ती पक्ष्यांना दाणे घालण्याची सोय असावी, असं आपसांत ठरवून टाकतात. तुम्ही यापुढे असं करू नका. थांबा, साखळ्यांकडे पाहा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणा, ‘‘इथे दर लाखामागे किती?’’

पायरी 2 : उगम सांगा

आकडे फेकण्याआधी थोडा इतिहास सांगितला की ऐकणारा नरम पडतो. पहिला कायमस्वरूपी कोर्स 1975 मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झाला, नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या शेजारी. तो करणारे एड हेड्रिक व्हॅम-ओ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीत होते. आधुनिक फ्रिस्बीचं पेटंट त्यांच्याच नावावर. सुरुवातीला तिथे नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नुसती चाटून गेली, यावर वाद झडत. त्यावर उपाय म्हणून साखळ्या आणि टोपली आली. 1976 मध्ये त्यांनीच या खेळाची व्यावसायिक संघटना, पीडीजीए, काढली.

2002 मध्ये हेड्रिक वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख मिसळून डिस्क घडवण्यात आल्या. कोर्सांच्या वाटपाचा अभ्यास करणाऱ्याने लक्षात ठेवावं की या खेळात संस्थापकाचंही वाटप झालेलं आहे.

पायरी 3 : छेद निवडा

हा या विद्येचा गाभा. नवशिका अंशाच्या, म्हणजे कोर्सांच्या संख्येच्या मागे लागतो. जाणकार छेद निवडतो. तीन देशांवर सराव करू.

नुसते कोर्स मोजायचे तर अमेरिकेसमोर कोणाचं काही चालत नाही. तिथे सुमारे दहा हजार कोर्स आहेत. जगातले निम्म्याहून अधिक एकट्या त्या देशात. अमेरिकेत नातेवाईक असतील तर इथेच थांबा. कॅल्क्युलेटर उघडलात की घसरण सुरू होते.

आता लोकसंख्येने भागा. अमेरिकेत साधारण 34 हजार माणसांमागे एक कोर्स येतो. फिनलंडमध्ये लोक 56 लाख आणि कोर्स हजाराच्या आसपास, म्हणजे साडेपाच हजारांमागे एक. आइसलंडमध्ये लोक चार लाखांच्या आत आणि कोर्स सत्तरहून अधिक, म्हणजे तिथलं प्रमाणही पाच हजारांच्या आसपास. दरडोई यादीत आइसलंडचं नाव अगदी वर दिसतं ते यामुळे. दोन-चार गावांनी टोपल्या बसवल्या की एवढ्याशा देशाचा आकडा टुणकन उडी मारतो.

आइसलंडचा विजय सहन होत नसेल तर क्षेत्रफळाने भागा. आइसलंडला दर कोर्समागे हजाराहून बरेच जास्त चौरस किलोमीटर येतात, अमेरिकेला हजाराच्या आसपास, फिनलंडला साडेतीनशेच्या आत. तिघांत फिनलंड पहिला. तीन हिशेब, तीन विजेते, आणि खोटं कोणीच बोललेलं नाही.

पायरी 4 : कारण विचारलं तर

विचारणारा चौकस निघाला तर हवामानाकडे बोट दाखवू नका. थंडीने हा खेळ अडत असता तर यादीच्या वरच्या टोकाला फिनलंड आणि आइसलंड दिसले नसते. शिवाय फिनलंडच्या उन्हाळ्यात रात्री दहालाही लख्ख उजेड असतो. नोकरी आटोपून 18 टोपल्या आरामात होतात.

खरं कारण जमिनीत आहे, त्यातही बिनकामाच्या जमिनीत. गोल्फला शंभर-दीडशे एकर, बारीक कापलेलं गवत आणि रोजचं पाणी लागतं. डिस्क गोल्फला एका टोपलीमागे एखाद-दोन एकर पुरतात, आणि झाडं तोडावी लागत नाहीत, कारण झाडं हाच अडथळा असतो. त्यामुळे पुराचा पट्टा, माती टाकून बंद केलेला कचरा डेपो, उन्हाळ्यात ओस पडलेला स्कीइंगचा उतार, अशा ज्या जागेवर इमारत उभी राहू शकत नाही तिथे टोपली उभी राहते. पूर आला तर ती भिजते, ओसरला की पुन्हा तिथेच असते.

दुसरं कारण म्हणजे हो म्हणणारी नगरपालिका. फिनलंडमध्ये कोणालाही कोणाच्याही जंगलातून हिंडण्याचा जुना हक्क आहे, पण त्या हक्कात लोखंडी टोपल्या रोवणं बसत नाही. त्या बसवल्या त्या बहुतेक गावागावांच्या पालिकांनी. अमेरिकेतही कान्सास, आयोवा, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत पाच-सात हजार वस्तीच्या गावाला बाग असते, बागेला खातं असतं आणि खात्याला थोडा निधी असतो. टेनिस कोर्टाच्या खर्चात इथे अख्खा कोर्स उभा राहतो, आणि बहुतेक ठिकाणी खेळणं फुकट. लोकप्रतिनिधीला फीत कापायला याहून स्वस्त काही मिळत नाही.

म्हणजे हा नकाशा खेळाडूंचा दिसतो, पण तो मुख्यतः मोकळ्या सार्वजनिक जमिनीचा आहे. कुठे किती लोकांना फेकता येतं हे त्यावरून कळत नाही. कुठे कोणाला फेकू देतात, एवढं कळतं.

पायरी 5 : प्रगत डावपेच

(अ) प्रदेश लहान करा. राज्य हरत असेल तर जिल्हा घ्या, जिल्हा हरत असेल तर गाव. कान्सासमधलं एम्पोरिया पंचवीस हजारांच्या आतलं गाव. पण 2013, 2016 आणि 2022 मध्ये व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा तिथे भरली. गाव स्वतःला या खेळाची जागतिक राजधानी म्हणवतं. राजधानी कोणी नेमायची याचा कुठे नियम नसल्याने हे पद रिकामंच होतं.

(आ) माणसं कमी करा. अंटार्क्टिकावर मॅकमर्डो या अमेरिकी संशोधन तळावर डिस्क गोल्फचा कोर्स आहे. उन्हाळ्यात तिथे हजारभर माणसं असतात, हिवाळ्यात दोनशेच्या आसपास उरतात. मोसमाचं शेवटचं विमान उडालं की एकही टोपली न वाढवता तिथलं दरडोई प्रमाण जवळपास पाचपट होतं. विकासाचा याहून वेगवान दर कुठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.

(इ) वजन बदला. गल्लीतल्या 9 टोपल्या आणि रानावनातून जाणारा 18 टोपल्यांचा अवघड कोर्स, दोन्ही यादीत ‘एक’ म्हणूनच लागतात. जिंकत असाल तर कोर्स मोजा. हरत असाल तर म्हणा, ‘‘टोपल्या मोजल्या पाहिजेत, कोर्स काय मोजता?’’

नेहमीच्या चुका

यादी म्हणजे देववाणी समजणं. कोर्सांची नोंद बरीचशी यूडिस्कसारख्या मोबाइल अ‍ॅपवर खेळाडूंनी दिलेल्या माहितीवर चालते. जिथे खेळाडू जास्त, तिथे नोंदही चोख.

रिकामी जागा पाहून तिथल्या लोकांना आळशी ठरवणं. आपल्याकडचंच घ्या. शहरात जे मैदान उरलं आहे त्यावर एकाच वेळी क्रिकेटचे पाच-सहा सामने चाललेले असतात. एकाचा लाँगऑन दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. लग्नसराईत त्याच मैदानावर मांडव पडतो. त्यातून पावणेदोनशे ग्रॅमची टणक चकती फेकून दाखवावी. पहिल्याच होलला पंचनामा होईल.

स्वाध्याय

1. फिनलंडचं क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडंच जास्त आहे. असं असूनही महाराष्ट्र मागे का, याचं उत्तर लोकसंख्येचा उल्लेख न करता द्या.

2. एस्टोनियाची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास. तिथल्या क्रिस्टिन टाट्टर 2022 आणि 2023 मध्ये महिलांच्या जगज्जेत्या झाल्या. दर लाखामागे जगज्जेतेपदं काढा आणि अमेरिकी पाहुण्यांना जेवणानंतर ऐकवा. जेवणाआधी नको.

3. आपल्या गावाचा क्रमांक काढा. कोर्स शून्य असतील तर लोकसंख्येने भागा, क्षेत्रफळाने भागा, फक्त आपल्या सोसायटीच्या सभासदांनी भागा. प्रत्येक वेळी शून्यच येईल, कारण वर शिकवलेले बहुतेक डावपेच छेदाचे आहेत आणि अंशात निदान एक टोपली असल्याशिवाय त्यांतला एकही चालत नाही. त्यासाठी या मार्गदर्शिकेत पायरी नाही. पालिकेच्या उद्यान विभागात जावं लागेल. अर्ज साध्या कागदावर लिहावा, सोबत जागेचा नकाशा जोडावा, पोच घ्यायला विसरू नये, आणि ‘हे कपडे वाळत घालायला आहे का’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं.