तळं हिरवं करणाऱ्या अध्यक्षांना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, तलाव सुशोभीकरण समिती, यांस,

साहेब, तळ्याकाठच्या फलकावर तुमचा फोटो तळ्याच्या फोटोपेक्षा मोठा छापला आहे. योग्यच आहे ते. या पाण्याच्या आजच्या अवस्थेत तुमच्याइतका मोठा वाटा दुसऱ्या कुणाचा नाही.

कारंजं झालं, रंगीत दिवे लागले, पेव्हर ब्लॉक बसले, सेल्फी पॉइंट उभा राहिला. सगळा पैसा काठावर गेला. पाण्याच्या वाट्याला आला तो व्यायामशाळेमागचा नाला. कधीतरी तिथे, कॅमेरे नसताना, येऊन उभे राहा. सिमेंटच्या पाइपातून राखाडी पाणी पडतं, खालच्या दगडांवर बुळबुळीत थर साचला आहे, कडेला साबणाचा फेस आणि शिळा भात. पाइपाच्या तोंडाशी पाणी काळं दिसतं आणि जरा पुढे गेलं की हिरवंगार. त्या हिरव्या रंगाचं खापर तुम्ही दर उन्हाळ्यात पावसावर फोडता आणि कुठलीशी पावडर होडीतून फवारून घेता. पावडरीचं बिल निघतं, शेवाळ आठवड्याभरात परत येतं.

शेवाळ वाढतं ते स्फुरदावर. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. 1973 साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात शास्त्रज्ञांनी 226 क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका बाजूला नत्र आणि कार्बन घातला, दुसऱ्या बाजूला तेच दोन्ही आणि वर स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवी झाली, दुसरी झाली नाही. त्या तळ्याचा आकाशातून घेतलेला फोटो जगभर गाजला. आपल्या नाल्यातून मैल्याबरोबर आणि धुण्याच्या पावडरीबरोबर हाच स्फुरद दिवसरात्र आत येतो. सांडपाणी शुद्ध करण्याच्या नेहमीच्या केंद्रातूनही तो बराचसा तसाच पुढे जातो, कारण तो काढायची वेगळी सोय करावी लागते. तुमच्या आराखड्यात ती सोय तर नाहीच, नालासुद्धा दाखवलेला नाही.

आता तुमच्या लाडक्या मत्स्यबीजाबद्दल. दर पावसाळ्यात हार घालून तुम्ही ट्रेमधून पिल्लं सोडता. त्यात तिलापिया असतो, म्हणजे उजनीकाठची चिलापी, आणि सायप्रिनस मासाही असतो. तिलापिया 1952 साली भारतात आणला गेला आणि 1959 मध्येच त्याच्या प्रसारावर बंदी घालावी लागली, इतका तो झपाट्याने पसरतो. मोझांबिक तिलापियाचा नर तळाच्या गाळात तोंडाने खळगा करतो, मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षात अनेकदा वीण होते. सायप्रिनस तर गाळच तोंडात ओढतो, त्यातले किडे खातो आणि उरलेला चिखल थुंकतो. तळाशी बसलेला स्फुरद या दोघांमुळे पुन्हा पाण्यात मिसळतो, आणि त्यांच्या विष्ठेतून विरघळतो तो वेगळाच. बारक्या माशांची संख्या बेसुमार झाली की ते पाणपिसूही फस्त करतात. काचेच्या ग्लासात पाणी उजेडात धरलं तर झटके देत पोहणारे ठिपके दिसतात, तेच हे जीव. बारीक शेवाळ गाळून खाणारे हेच. तुमच्या तळ्याच्या पाण्यात मला ते कुठे दिसत नाहीत.

मासे किती आणि कुठले ठेवावेत यावरही जगात काम झालं आहे. अमेरिकेत जोसेफ शापिरो यांनी 1975 मध्ये माशांची संख्या आणि जाती बदलून शेवाळ आवरण्याची पद्धत शास्त्रीय भाषेत मांडली. फिनलंडमधल्या लाहती शहराने वेसियार्वी तळ्यात जाणारं सांडपाणी 1976 मध्ये बंद केलं, तरी विषारी निळं-हिरवं शेवाळ हटेना. मग 1989 ते 1993 या काळात तिथून हजार टनांहून अधिक बारके मासे काढले, शिकारी मासे सोडले, आणि पाणी सुधारलं. पुढे शेवाळ परतू लागलं, म्हणून मासे काढणं त्यांनी सुरूच ठेवलं.

थंड देशाचं उदाहरण आपल्याला लागू नाही, असं तुम्ही म्हणाल. त्यात तथ्य आहे. उष्ण पाण्यात बारके मासे जवळपास वर्षभर वितात आणि इथल्या शेवाळाचे गठ्ठे पाणपिसूंना गिळवत नाहीत. म्हणूनच ब्राझीलची राजधानी बघा. ब्राझिलियातल्या परानोआ तळ्याला 1978 मध्ये अशी दुर्गंधी सुटली की शहर हैराण झालं. त्या तळ्यातही तिलापिया होता. नव्वदच्या दशकात तिथल्या दोन सांडपाणी केंद्रांत स्फुरद काढण्याची सोय झाली. तिलापियाने स्फुरद वाढतो हे संशोधकांनी प्रयोगांनी दाखवलं आणि फेकजाळ्याने मासेमारी वाढवून हा मासा कमी करावा असं सुचवलं. आज तिथे लोक पोहतात.

या सगळ्यात क्रम महत्त्वाचा आहे. नाला चालू ठेवून मासे काढले तर भोई मंडळींची मेहनत वाया जाईल. नाला अडवला आणि चिलापी तशीच ठेवली, तर गाळातला जुना स्फुरद ती कित्येक वर्षं वर काढत राहील. नाला आधी बंद करा. मग तळ्याचे ठेके देताना चिलापी आणि सायप्रिनस वर्षभर काढण्याची अट घाला, त्यासाठी भोई समाजाच्या संस्थांना मजुरी द्या आणि छोट्या माशांवर जगणारी आपली मरळ किमान काही वर्षं पकडू देऊ नका. दर महिन्याला पाण्यातला स्फुरद मोजा आणि आकडा तुमच्या फोटोशेजारी लावा.

पवईचं तळं इंग्रजांनी 1890 च्या सुमारास मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलं. ते पाणी आज कुणी पीत नाही. आपलं तळं त्याच वाटेवर आहे, आणि ती वाट अडवण्याचा अधिकार तुमच्या सहीत आहे. या पावसाळ्यात पिल्लांचा ट्रे उचलू नका. नाल्याच्या निविदेवर सही करा. तोपर्यंत उद्घाटनाचं निमंत्रण आमच्या घरी पाठवू नका.

तळ्याकाठचा एक रहिवासी