गालावरचं पीस आणि गायब वीस

काळं-पांढरं म्हणजे काय, हे आमच्या राजूर गावाला कुणी शिकवू नये. इकडे कोळशाची खाण, तिकडे चुन्याच्या भट्ट्या. पटत नसेल तर दोरीवर वाळणाऱ्या धोतराला विचारा.

तरी इथेही लोक सांगतात, ‘मुघल-ए-आझम’ पाहायचा तर रंगीतच पाहा. जुन्यात काय ठेवलंय?

वीस मिनिटं ठेवलीत, बाप्पा!

1960चा मूळ सिनेमा 197 मिनिटांचा. 2004च्या दिवाळीत रंगवून आणला तो 177 मिनिटांचा. साबणाच्या वडीचंही असंच असतं. वेष्टन नवं, वजन कमी.

घरी पाहायला कोणती आवृत्ती बरी, हा वाद घालायचाच असेल तर एक प्रसंग पुरे. तानसेनाचं गाणं चाललंय, आवाज बडे गुलाम अली खाँसाहेबांचा, आणि सलीम झालेला दिलीपकुमार अनारकली झालेल्या मधुबालाच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतोय. बस्स, एवढंच. हाणामारी नाही, संवाद नाही, आणि घरातलं कुणी जागचं हलत नाही.

व्हिडिओ कॅसेटवर नेमक्या याच जागी मुंग्या यायच्या. टेप इथेच का झिजावी? वर्गणी काढून भाड्याचा व्हीसीआर आणणारी मंडळी रात्रभर पुन्हा पुन्हा मागे फिरवून शास्त्रीय संगीत ऐकत होती म्हणे.

मग व्हीसीडी आली. एका सीडीवर फार तर 80 मिनिटं, म्हणजे अकबराचं साम्राज्य तीन तुकड्यांत. चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं. पीस हललं की गालावर चौकोन उमटले. सलीम प्रेम करतोय की फरशी बसवतोय?

तिसरी सीडी अडकायचीच. बनियनला पुसायची, फुंकर मारायची, पुन्हा घालायची. अनारकलीचं काय झालं हे कित्येक घरांना शेजाऱ्यांकडून कळलं असेल.

डीव्हीडीवर ठिपके वाढले, 720 बाय 576. पीस एकदाचं पीस दिसलं. तेवढ्यात रंगवाले आले आणि मधुबालाच्या गालाला लाली फासून गेले. कुणी मागितली होती?

‘दिग्दर्शक के. आसिफनाच सगळा सिनेमा रंगीत हवा होता,’ हे ठरलेलं उत्तर. हवा होताच. पण आखूड हवा होता, असं कोण म्हणतं? आसिफ 1971 सालीच गेले, त्यामुळे विचारायची सोय नाही.

आणि मुळात शीशमहालातलं गाणं त्यांनी रंगीतच केलं होतं की! दोन तास काळं-पांढरं पाहिलेल्या डोळ्यांसमोर एकदम आरसे, रंग आणि शेकडो अनारकली. लोक दिपले ते त्या झटक्याने. पहिल्या रिळापासून रंगच रंग ओतल्यावर शीशमहालाने दिपवायचं कशाने? ट्यूबलाइट लावून?

आता सगळं मोबाइलवर. शोधलं की आधी रंगीतच पुढ्यात येतो. पीस गालापर्यंत पोचतं आणि मध्येच तिखट-मसाल्याची जाहिरात सुरू होते. पाच सेकंद थांबा म्हणे. सोळा वर्षं खपून केलेला सिनेमा, थांबायचं मात्र मसाल्यासाठी.

अकबर एवढा कठोर, पण त्यानेही अनारकलीला चोरवाटेने सोडून दिलं. रंगवाल्यांनी भिंतीत चिणलेली वीस मिनिटं कोणत्या भुयारातून निघायची?