डावी बाजू सोडू नका

सायकल या विषयावर पुण्यात वाढलेल्या माणसाला कोणी काही शिकवू नये. माझं शिक्षण सायकलवर झालं, नोकरी सायकलवरून हिंडून मिळाली आणि लग्न ठरल्याची बातमी घरच्यांच्या आधी पेठेतल्या पंक्चरवाल्याला कळली होती. त्यामुळे बोलिव्हियात, ला पासच्या एका स्वस्त हॉस्टेलात भाच्याने भिंतीवरची जाहिरात दाखवून ‘मामा, हे तुला झेपेल?’ असं विचारलं, तेव्हा मी सॅकमधून मंकी कॅप काढूनच उत्तर दिलं.

जाहिरात होती युंगासच्या जुन्या रस्त्याची, ज्याला तिथे सगळे ‘मृत्युमार्ग’ म्हणतात. ला कुंब्रे ही खिंड ४,६०० मीटरच्या वर, आणि शेवटचं योलोसा गाव साधारण १,२०० मीटरवर. साठेक किलोमीटरमध्ये दोन कळसूबाई एकावर एक ठेवून उतरायच्या, वर थोडा उतार उरतोच. मी म्हटलं, ‘चढ नाही ना? मग करायचं काय त्यात? नुसतं बसायचं!’

भाच्याने मिनीबसमध्ये इतिहास ऐकवला. चाको युद्धात पकडलेल्या पराग्वेच्या कैद्यांकडून १९३०च्या दशकात हा रस्ता खोदून घेतला. १९८३ साली एक बस दरीत गेली, शंभराहून अधिक माणसं दगावली. १९९५ साली एका आंतरराष्ट्रीय विकास बँकेने जगातला सर्वांत धोकादायक रस्ता असं प्रशस्तिपत्र दिलं. २००६ साली नवा रस्ता झाला, बहुतेक गाड्या तिकडे वळल्या आणि जुना रस्ता आमच्यासारख्यांना मोकळा झाला. प्रशस्तिपत्र देणारे बँकवाले असल्याने मी ते फारसं मनावर घेतलं नाही. बँका कशालाही धोकादायक म्हणतात. मला त्यांनी घरासाठी कर्ज देतानाही तसंच पाहिलं होतं.

ला कुंब्रेला थंडी अशी, की बुटाची नाडी बांधून सरळ होईपर्यंत धाप लागली. थंडीचा आणि धापेचा संबंध नाही, हे मला भाच्याने नंतर सांगितलं, हवाच विरळ. तेवढ्यात गाइड बाटली घेऊन आला. पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य दाखवायचा. थोडं पुढच्या चाकावर, थोडं जमिनीवर आणि एक घोट आपण. एवढी श्रद्धाळू माणसं पाहून मला गहिवरून आलं. मी उजव्या तळहाताची वाटी केली, तीर्थासारखं तोंडात टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. ते शहाण्णव टक्के अल्कोहोल होतं. मंकी कॅपमधून वाफ निघाल्याचं भाचा सांगतो. ती अतिशयोक्ती आहे, पण बराच वेळ माझा आवाज निघाला नाही, हे खरं.

मग सूचना. जुन्या रस्त्यावर डावीकडून चालवायचं. मी भाच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. अख्खा बोलिव्हिया उजवीकडून चालतो आणि मरणाच्या रस्त्यावर मात्र त्यांना आपली पद्धत आठवते! कारणही पक्कं आहे. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. उतरणारी गाडी डाव्या कडेला असली की त्याला खिडकीतून मान काढून आपलं चाक नेमकं कुठे आहे ते बघता येतं. चढणारी गाडी डोंगराला चिकटून जाते.

आम्ही उतरणारे. डोंगर उजवीकडे होता. डावीकडे काय होतं, ते पाहायला मी डांबरी संपून खडीचा रस्ता लागेपर्यंत धजावलो नव्हतो. तिथे पाहिलं. काहीच नव्हतं. ढग होते, त्यांच्या खाली आणखी ढग होते, आणि वळणावळणावर क्रूस. रस्ता काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. जन्मभर पाळलेली डावी बाजू मी तिथल्या तिथे सोडली आणि उजवीकडे सरकलो. पाठीमागून गाइड ओरडला, ‘लेफ्ट, अमिगो, लेफ्ट!’

याच गडबडीत ब्रेक दाबायची वेळ आली. आमच्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला. तिथे तो डाव्या हाताला. गाइडने हे सांगितलं होतं, पण तेव्हा मी तीर्थातून सावरत होतो. मागचा समजून डावा ब्रेक करकचून आवळला. सायकल जागच्या जागी थांबली, मी पुढे निघालो. वेग इतका कमी होता, की धड पडणंही जमलं नाही. हँडलवर पोट टेकून काही क्षण तरंगलो आणि मग सावकाश उजवीकडच्या चरात उतरलो. तिथे नेच्यांमधून पाणी ठिबकत होतं. जागा प्रसन्न होती. मी निघायची घाई केली नाही.

गाइडने काही न बोलता उजव्या ब्रेकला लाल फडकं बांधलं. लहान मुलाच्या सायकलला बांधतात तसं.

उतारावर नुसतं बसायचं असतं, हा माझा सिद्धांत पुढच्या तासाभरात बोटांनी खोडून काढला. तुम्ही बसता, ती बसत नाहीत. सान हुआनचा धबधबा कड्यावरून थेट रस्त्यावर कोसळतो. तिथे सगळे थांबून सँडविच खात होते. मी पोचलो तेव्हा माझी बोटं ब्रेकच्याच आकारात वळलेली. सँडविच त्या फटीत बसेना. भाच्याने एकेक बोट उलगडलं, सँडविच ठेवलं आणि पुन्हा मिटलं.

खाली हवा दाट होत गेली, केळी आली, घाम आला. अंगावरचा एकेक थर निघून मागच्या मिनीबसमध्ये जात होता. ती बस माझ्या मागे पहिल्या गिअरमध्ये होती. ड्रायव्हर कोपर बाहेर टाकून, दरीकडे बघत, संत्रं सोलत होता.

योलोसाला प्रत्येकाला एक टी-शर्ट मिळतो, मृत्युमार्गावरून जिवंत आलो असं छापलेला. मी पोचेपर्यंत मोठ्या मापाचे संपले होते. उरलेला मी डोक्यातून घातला, तो गळ्यापाशी अडकला आणि तिथल्या बारीक माश्यांनी उघड्या पोटाचा समाचार घेतला.

परतीला नव्या, रुंद, गुळगुळीत रस्त्याने निघालो. गावातली मंडळीही बसमध्ये चढली होती. मी डोळे मिटून प्रत्येक वळणाला पुढच्या सीटची दांडी आवळत होतो. उजवा हात आधी, डावा नंतर, अगदी शिकवल्याप्रमाणे.

‘मामा,’ भाचा कानाशी म्हणाला, ‘डावीकडे दांडी आहे. उजवीकडे त्या आजींचा खांदा.’