काढून टाका, साहेब

मोटारीच्या इंजिनाखाली काळ्या प्लास्टिकचा एक रुंद तुकडा असतो. कंपनीच्या कागदांत त्याला ‘इंजिन अंडर कव्हर’ म्हणतात, गॅरेजात ‘खालची प्लेट’. गाडी विकताना शोरूममधला मुलगा सनरूफ उघडून दाखवतो, कपहोल्डरमध्ये स्वतःची बाटली ठेवून दाखवतो, गाडीशी बोलून एसी कसा लावायचा तेही दाखवतो. या प्लेटचा उल्लेख कोणी करत नाही. मालकाची आणि तिची ओळख होते ती ती एका बाजूने सुटून रस्त्याला घासू लागल्यावर. आणि त्याच दिवशी असंही कळतं, की ती ठेवावी की काढावी याविषयी आपल्या परिचयातल्या प्रत्येक माणसाचं मत फार पूर्वीच तयार होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

पहिला मान मेकॅनिकचा. गाडी खड्ड्यावर उभी असते, तो खालून बोलत असतो, त्यामुळे त्याच्या शब्दांना एक पाताळातलं वजन येतं. “काढून टाका, साहेब. नुसती खडखड करते.” कारण विचारलं तर तीन मिळतात. एक, काढली की इंजिन थंड राहतं. दोन, बाहेरच्या देशात लागते, तिकडे बर्फ पडतो. तीन, आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या गाड्यांना नाही, कुठे काय बिघडलं?

तिसऱ्या मुद्द्याची सत्यता मी नाकारत नाही. अर्ध्या गाड्यांना प्लेट नाही, कारण त्या गाड्या त्याच्याकडे येतात.

चौथं कारण तो सांगत नाही, ते न्यायाला धरून असल्यामुळे मीच सांगतो. इंजिन ऑइल बदलायचं तर चेंबरच्या तळाचा बोल्ट खोलावा लागतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो बोल्ट प्लेटच्या आड असतो. काही कंपन्यांनी तिथे भोक किंवा छोटी झडप ठेवली आहे. बाकीच्यांनी मेकॅनिकच्या सहनशक्तीवर विश्वास ठेवला आहे. दहा नंबरचे बोल्ट, मग स्क्रू, मग प्लास्टिकच्या क्लिपा, आणि शेवटची क्लिप निघाली की प्लेटवर साठलेली माती, वाळू, सुकी पानं थेट त्याच्या डोळ्यांत. त्याच्या जागी मी असतो तर माझंही मत हेच झालं असतं. फक्त एवढंच नोंदवतो, की आजवर त्याने मला ज्या ज्या वस्तू काढून टाकायला सांगितल्या, त्या सगळ्या त्याचा पाना आणि त्याचा बोल्ट यांच्या मध्ये येत होत्या. मागची सीट निरुपयोगी आहे, असं तो कधीच म्हणाला नाही.

आता इंजिन थंड राहण्याविषयी. समोरच्या जाळीतून आलेली हवा रेडिएटरमधून जाऊन खालच्या बाजूने बाहेर पडावी, आजूबाजूच्या फटींतून निसटू नये, यासाठी पुढच्या भागातली प्लास्टिकं आखलेली असतात. प्लेट त्यांपैकी एक. वेगात असताना गाडीखालून हवा सरळ वाहते, इंजिनाच्या उंचसखल पोटाला धडकत नाही. ओढ कमी होते, आवाजही कमी होतो. काही गाड्यांत प्लेटला आतून फेल्टचं अस्तर असतं ते याच आवाजासाठी. म्हणजे काढल्याने इंजिन थंड होईलच असं नाही. काही गाड्यांत उलट होऊ शकतं. हे मी मेकॅनिकला समजावून सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते कंपनीचं झालं, साहेब.”

बर्फाचंही तसंच. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरं. आपल्याकडे फक्त चार महिने पाऊस, लाल चिखल, उसाच्या ट्रॉलीतून पडलेली टिपरी, डंपरमधून पडलेली खडी, जांभ्याचे तुकडे आणि अर्धवट वाहून गेलेलं डांबर एवढंच पडतं. आल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि त्यांचा पट्टा ही मंडळी बऱ्याच गाड्यांत खालच्या अंगाला राहतात. प्लेट नसेल तर पुढच्या चाकांनी उडवलेलं सगळं त्यांच्या वाट्याला येतं. पहिल्या पावसात पट्टा किंचाळू लागतो, तेव्हा तोच मेकॅनिक गंभीर चेहऱ्याने म्हणतो, “खालून पाणी येतंय, साहेब. प्लेट नाहीये का?”

दुसरे तज्ज्ञ म्हणजे वातानुकूलित काउंटरमागचे सर्व्हिस अॅडव्हायझर. त्यांची भूमिका नेमकी उलटी आहे: प्लेट अत्यावश्यक आहे, आणि म्हणून अख्खी बदलावी लागेल. तुटलेली असते एक क्लिप. क्लिपची किंमत दहा-वीस रुपये, पण ती सुटी उपलब्ध नसते. तिच्यासह येणारी प्लेट मात्र उद्या सकाळी उपलब्ध असते. या क्लिपांचा एक नियम कोणत्याही पुस्तकात नाही. गाडी कारखान्यातून निघते तेव्हा सगळ्या क्लिपा जागेवर असतात. पहिल्या सर्व्हिसिंगला एक जाते. दुसऱ्याला तिची शेजारीण. पुढे त्यांच्या जागी झिप टाय येतात, मग बाइंडिंगची तार येते, आणि मग प्लेट ‘आपोआप’ सुटते. क्लिप एकदा काढली की नवी लावावी, ही कंपनीची अपेक्षा; जुनीसुद्धा लावायची गरज नाही, हा सर्व्हिस सेंटरचा अनुभव. बिलात मात्र ‘अंडर कव्हर काढणे व बसवणे’ ही ओळ न चुकता असते, आणि त्यातल्या निम्म्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तिसरे तज्ज्ञ अॅक्सेसरीच्या दुकानात भेटतात. तिथे प्लास्टिकविषयी बोलताना लोक आवाज खाली आणतात, आजारी नातेवाइकाविषयी बोलावं तसे. “दादा, ते काढा. लोखंडी घाला. दोन-तीन एमएमचा पत्रा आहे, दगडावरून गेली तरी काय होणार नाही.” दगडावरून जायचा माझा विचार नव्हता, पण दुकानदाराने माझ्याविषयी बाळगलेली ही उंच कल्पना मोडवेना. डोंगरदऱ्यांसाठी बांधलेल्या गाड्यांना कारखान्यातूनच अशी जाड प्लेट येते आणि ती धरून ठेवणारा सांगाडाही त्याच हिशोबाने केलेला असतो. शहरी हॅचबॅकला बाहेरून बसवलेल्या लोखंडाचं तसं नसतं. त्याचं वजन पुढच्या चाकांवर येतं, आपटल्यावर धक्का थेट नटबोल्टांच्या मुळाशी जातो, आणि पत्रा जितका जाड तितकी तो जमिनीपासूनची उंची खातो. शिवाय टक्कर झाल्यावर गाडीचा पुढचा भाग कसा चुरगळावा हे कंपनीने तपासलेलं असतं. या पत्र्यासकट तपासलेलं नसतं. दुकानदाराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग अॅल्युमिनियमचा देऊ का?”

चौथे आमच्या सोसायटीतले अप्पा. अप्पांच्या मते हा सगळा नव्या गाड्यांचा नखरा आहे. त्यांच्या जुन्या गाडीखाली काही नव्हतं, ऑइल गळायचं तर जमिनीवर दिसायचं. माणसाला आपल्या गाडीची प्रकृती पार्किंगच्या फरशीवर वाचता यायची. हा मुद्दा, दुर्दैवाने, बिनतोड आहे. प्लेट गळकं ऑइल झेलते आणि गुपचूप ठेवून घेते. फेल्ट ते पितं. जमिनीवर थेंब पडेपर्यंत आत किती साठलं आहे, याचा पत्ता लागत नाही. अप्पा इथे थांबले असते तर त्यांचा विजय झाला असता. पण ते पुढे म्हणाले, की प्लेटमुळेच उंदीर येतात, त्यांना बसायला ओटा मिळतो. उंदीर चाकावरून, नळ्यांवरून कुठूनही चढतो. प्लेट काढल्याने त्याची फक्त बैठक जाते, वायरी कुरतडायची इच्छा जात नाही. त्यावर अप्पांचा उपाय इंजिनात तंबाखूची पानं टांगण्याचा. मी ती टांगली. उंदीर कमी झाले की नाही ते सांगता येत नाही. गाडी मात्र आता पानटपरीचा वास घेऊन ऑफिसला जाते.

या चौघांच्या वादात पाचवा पक्षकार कधीच हजर नसतो, आणि सगळा प्रकार सुरू होतो तो त्याच्यामुळे. तो म्हणजे गतिरोधक. गतिरोधक कसा असावा, याची इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र पुस्तिका आहे, आयआरसी ९९. तिच्या १९८८ च्या आवृत्तीत ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गोलाकार उंचवटा सांगितला आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. आता एक साधी आकडेमोड. आपल्या हॅचबॅकच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २.४५ मीटर अंतर असतं. अशी गाडी या उंचवट्याच्या बरोबर माथ्यावर उभी केली, तर चाकांच्या मधोमध जमीन वर येते जेमतेम साडेचार सेंटिमीटर. रिकाम्या गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची सोळा-सतरा सेंटिमीटर. म्हणजे पुस्तिकेतल्या गतिरोधकावर माझी प्लेट जन्मभर घासणार नाही. ती अक्षरशः अमर आहे.

पण आमच्या गल्लीतला गतिरोधक पुस्तिका वाचून आलेला नाही. तो एका रात्रीत उरलेल्या डांबराचा झाला. रुंदी दोन हात, उंची कामगारांच्या उत्साहाप्रमाणे, पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही. असा अरुंद उंचवटा अख्खाच्या अख्खा दोन चाकांच्या मध्ये मावतो आणि पुढची चाकं उतरून स्प्रिंगा दबल्या की पोटाला लागतो. त्यात गणपतीला कोकणात निघालेली पाच माणसं, त्यांच्या बॅगा, नारळ आणि परतीचे फणसपोळीचे डबे. सोळा सेंटिमीटर कंपनीच्या पत्रकात राहतात, गाडीखाली राहत नाहीत. गतिरोधक चुकवला तर रस्त्यावर चढत गेलेल्या डांबराच्या थरांत खोल गेलेलं किंवा त्यांच्याही वर उरलेलं गटाराचं झाकण आहे. तेही चुकवलं तर पेव्हर ब्लॉकची कड आहे.

प्लेट नसताना तोच दणका चेंबरला बसला, तर पुढचा अध्याय विमा कंपनीच्या भाषेत असतो. चेंबर पत्र्याचा असेल तर पोचा येतो, ओतीव अॅल्युमिनियमचा असेल तर तडा जाऊ शकतो. तीन-चार लिटर ऑइल रस्त्यावर येतं, डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागतो, आणि ‘पुढच्या चौकात बघू’ म्हणणारा माणूस पुढच्या चौकापर्यंत इंजिन जाम करतो. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत परिणामस्वरूप झालेलं नुकसान वगळलेलं असतं. दणक्याने फुटलेला चेंबर मिळेल, ऑइलविना चालवून गेलेलं इंजिन मिळणार नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन नावाची वेगळी जोड घ्यावी लागते. प्लास्टिकची प्लेट मोठा दगड थोपवू शकत नाही, हे कबूल. पण ओरखडा, छोटी खडी आणि घासून जाणारा उंचवटा ती आपल्या अंगावर घेते. आणि ती फाटली की खडखडते. ज्या खडखडीबद्दल तिला काढायची शिक्षा होते, ती खडखड म्हणजे तिने दिलेली वर्दी असते. पुरात मात्र तिचा भरवसा धरू नये. ती भोकं असलेली प्लेट आहे, होडी नाही.

तर निकाल असा. प्लेट शाबूत असेल तर ठेवावी. फाटली असेल तर तशीच किंवा नवी, पण पूर्ण बसवावी. पुढची कड सुटून लोंबत असेल तर एक दिवसही तशी चालवू नये. वेगात तिच्यात हवा भरते, ती उखडते आणि चाकाखाली जाते, त्यापेक्षा तात्पुरती काढलेली बरी. प्रत्येक सर्व्हिसिंगला प्लेटचा आतला भाग बघायला लावावा, म्हणजे अप्पांचा मुद्दाही निकालात निघतो. आणि क्लिपांचं पाकीट स्वतः विकत घेऊन गाडीत ठेवावं.

हे शेवटचं मी अमलात आणलं आहे. गेल्या खेपेला पाकीट काउंटरवर ठेवलं आणि सगळ्या क्लिपा माझ्यासमोर लावा, असं नम्रपणे सांगितलं. त्यांनी त्या लावल्या, कौतुकाने मोजूनही दाखवल्या. बिलात नवी ओळ होती: ‘ग्राहकाने आणलेला माल बसवण्याचे शुल्क’. रक्कम क्लिपांच्या किमतीपेक्षा जास्त होती. त्यावर जीएसटी वेगळा.