कॅमेऱ्याला टिकली

हल्ली घरोघरी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली दिसते. मरून रंगाची, पाकिटात शेवटची उरलेली. ही प्रथा गाजली ती फेसबुकवाल्या झुकेरबर्गमुळे. इन्स्टाग्रामचे वापरकर्ते ५० कोटी झाल्याच्या आनंदात त्याने २०१६ मध्ये एक फोटो टाकला. त्यात मागे त्याचा लॅपटॉप दिसत होता आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर आणि माइकवर चिकटपट्टी. जगाने कॅमेऱ्याचं तेवढं उचललं, माइकचं सोडून दिलं. त्यामुळे आपल्याकडचा हॅकर आंधळा झाला आहे, पण कान शाबूत आहेत. सासूबाईंबद्दलचं सगळं त्याला ऐकू येतं.

टिकलीला नावं ठेवायची नाहीत मला. २०१३ ची ‘मिस टीन यूएसए’ कॅसिडी वुल्फ हिच्यावर तिच्याच वेबकॅममधून नजर ठेवणारा निघाला शाळेतला ओळखीचा मुलगा. त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये एफबीआयने ‘ब्लॅकशेड्स’ नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची धरपकड केली. किंमत ४० डॉलर, आणि लागण झालेले कॉम्प्युटर पाच लाखांच्या वर. तेवढ्या पैशात आपल्याकडे चौघांचं बाहेर जेवण होतं, गोड वगळून.

पण टिकली लावणाऱ्याला भीती असते ती चेहऱ्याची. आजच्या चोराला आपला बनियनमधला अवतार बघायची हौस नाही. ब्राउझरने ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असं अदबीने विचारल्यावर आपण ज्याला ज्याला ‘हो’ म्हटलं, ते सगळं त्याला हवं असतं. त्याला कॅमेरा लागत नाही.

आता टिकलीखालचा लॅपटॉप कसा घडतो ते बघा. तो मंद झाला की काका त्याला गल्लीतल्या दुकानात नेतात. दुकानातला मुलगा झाकण उघडायच्या आधीच निदान सांगतो, “फॉरमॅट मारावा लागेल काका. विंडोज ओरिजिनल टाकू की साधी?” काका ओरिजिनलचा भाव विचारतात आणि ऐकल्यावर साधेपणाचे पुरस्कर्ते होतात. साधी म्हणजे क्रॅक, म्हणजे चोरीची. मुलगा खिशातून पेनड्राइव्ह काढतो. तो सकाळपासून किती लॅपटॉपांत जाऊन आला, हे मुलालाही सांगता यायचं नाही. मग पहिलं काम म्हणजे अँटिव्हायरस बंद करणं, कारण तो ‘उगाच ओरडतो’. दुसरं काम म्हणजे क्रॅकची फाइल ‘एक्सक्लूजन’च्या यादीत टाकणं, म्हणजे हिच्याकडे यापुढे कधीच बघायचं नाही अशी संरक्षणाला लेखी सूचना. हा मुलगा वाईट नाही. क्रॅकसोबत येणारी सूचनाच तशी असते, तो ती पाळतो.

आता चोराने आणखी काय मागावं? विंडोज फुकटात चालू करून देणाऱ्या ‘केएमएसपिको’च्या नावाखाली ‘क्रिप्टबॉट’ हा पासवर्डचोर घरात शिरतो, असा इशारा ‘रेड कॅनरी’ या सुरक्षा कंपनीने डिसेंबर २०२१ मध्येच दिला होता. पण आपल्या दुकानात सेवा एवढ्यावर थांबत नाही. मुलगा जाता जाता म्हणतो, “अँटिव्हायरसपण टाकलाय काका, फुल व्हर्जन.” तोही क्रॅकच. चोरबाजारातून कुलूप आणून दाराला लावायचं आणि किल्ल्या किती जणांकडे आहेत हे विचारायचं नाही, अशी ही सोय. काका तीनशेचे अडीचशे करून घरी येतात आणि नवी टिकली लावतात.

घरी त्या लॅपटॉपवर खातं एकच. पहिलं खातं विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचं करून देतं आणि आपल्याकडे पहिलं तेच शेवटचं. त्यावर काका बँक बघतात, काकू मालिका बघतात आणि चिरंजीव गेमचे ‘फ्री कॉइन्स’ शोधतात. काहीही इन्स्टॉल व्हायला लागलं की विंडोज मध्ये येऊन विचारतं, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? चिरंजीव ‘येस’ दाबतात. ते वाक्य पुरं वाचलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. मुलाला साधं, ‘स्टँडर्ड’ खातं करून दिलं तर त्याच ठिकाणी ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो आणि गाडी तिथेच अडते. त्याला पैसे लागत नाहीत. घरात थोडं भांडण लागतं, कारण ॲडमिन कोण हे ठरवावं लागतं.

फाइलींचीही तीच तऱ्हा. ४ मे २००० रोजी जगभर लाखो लोकांना ईमेलने प्रेमपत्र आलं. फाइलचं नाव ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी’. खरं तर त्यापुढे ‘.व्हीबीएस’ असं शेपूट होतं, म्हणजे ते पत्र नसून चालणारा प्रोग्राम होता. पण विंडोज शेपट्या लपवून ठेवतं, म्हणे लोक गोंधळतात. लोक गोंधळले नाहीत, त्यांनी शांतपणे क्लिक केलं. हे पत्र लिहिणारा ओनेल दे गुझमन हा मनिलातला विद्यार्थी. इंटरनेटचे पैसे परवडत नव्हते, म्हणून दुसऱ्यांचे पासवर्ड उचलायचे होते, असं त्याने वीस वर्षांनी सांगितलं. विचारसरणी काकांचीच, फक्त धडाडी जास्त. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, त्यामुळे तो सुटला. गंमत म्हणजे विंडोज अजूनही शेपट्या लपवतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक केली की ‘इन्कम टॅक्स रिफंड.पीडीएफ’चं खरं आडनाव ‘ईएक्सई’ असल्याचं दिसतं.

इथे हसणं थोडं बाजूला ठेवतो. चोर फक्त घेऊन जातो, असं आपण धरून चालतो. तो ठेवूनही जाऊ शकतो. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी आरोपी रोना विल्सन यांचा दिल्लीतला लॅपटॉप जप्त केला. त्याच्या प्रतीची तपासणी अमेरिकेतल्या ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या कंपनीने केली. २०१६ मध्ये आलेल्या एका ईमेलमधून ‘नेटवायर’ नावाचं सॉफ्टवेअर त्यात शिरलं आणि पुढे ज्या पत्रांवरून आरोप झाले, ती बाहेरून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली, असा तिचा फेब्रुवारी २०२१ चा अहवाल सांगतो. तपास नंतर ज्यांच्याकडे गेला त्या एनआयएला हे मान्य नाही आणि खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण ‘नेटवायर’ ही काही कुठल्या सरकारच्या तळघरातली चीज नव्हती. ते वेबसाइटवर राजरोस विकत मिळायचं. ती साइट एफबीआयने मार्च २०२३ मध्ये जप्त केली. ‘माझ्या लॅपटॉपात आहेच काय?’ असं छातीठोक विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की काय आहे हे ठरवणारे फक्त आपण नसतो.

राउटरबद्दल फार बोलत नाही. त्याच्या पोटावर स्टिकर असतो, स्टिकरवर ‘ॲडमिन, ॲडमिन’ असतं, आणि २०१६ मध्ये ‘मिराई’ या घुसखोर प्रोग्रामने कंपनीनेच देऊन ठेवलेल्या असल्या साठेक जोड्या वापरून राउटरांची आणि कॅमेऱ्यांची फौज उभी केली. ती करणारी अमेरिकेतली कॉलेजवयाची पोरं होती. तो पासवर्ड बदला. अपडेटचंही तसंच. ‘वॉनाक्राय’ने मे २०१७ मध्ये दीडशेच्या आसपास देशांत फाइली ओलीस धरल्या. त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, लोक दोन महिने ‘नंतर आठवण करून द्या’ दाबत बसले होते. विंडोज १० ला अपडेट मिळायची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. साधीवाल्यांना याची बातमी दुकानातला मुलगा देईल.

राहता राहिला पासवर्ड. त्यावर जो तो व्याख्यान देतो आणि त्यातलं ‘कागदावर लिहू नका’ हे मला कधीच पटलेलं नाही. लिहू नका म्हटलं की माणूस लक्षात राहील असा ठेवतो. लक्षात राहतं ते मुलीचं नाव आणि जन्मसाल, मध्ये एक ॲट. आणि तोच बँकेला, तोच ईमेलला, तोच विजेच्या बिलाला. एक फुटला की सगळे फुटले. ब्रूस श्नायर हा या विषयातला जाणता माणूस. त्याने २००५ सालीच सांगून ठेवलंय की चांगला पासवर्ड कागदावर लिहा आणि कागद पाकिटात ठेवा, कागदाचे चिटोरे सांभाळायला आपल्याला येतात. कुठल्या तरी देशात खोलीत बसलेल्या हॅकरला आपल्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय दिसत नाही. तेव्हा लांबलचक, प्रत्येक ठिकाणी वेगळे पासवर्ड मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली खुशाल लिहा. डिसेंबरात रद्दीवाला आला की तेवढं पान आधी फाडून घ्या.